जपानी शिकायची, पण कुठे?

मांजरी म्हटले की पुणेकराला आधी वांगे आठवते. मांजरी गोटा! गोल, जांभळट, अंगावर पांढरट रेघा असलेले हे वांगे भरून केले की त्यापुढे दुसरी भाजी नको वाटते. वांग्यापलीकडचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना जोतीराव फुले आठवतील, कारण मुळा-मुठेच्या काठच्या याच गावात त्यांची साठ एकर शेती होती. पुढे इथे उसाचे शास्त्र आले. १९७५ साली सुरू झालेली साखर संस्था आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. १९९७ मध्ये द्राक्षांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले. आणि ३० जून २०२१ रोजी मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेच्या हद्दीत आले. गाव होते ते शहर झाले. निदान कागदावर तरी झाले.

अशा या मांजरीत एखाद्या घरी आज संध्याकाळी मुलगी आईला म्हणते, "आई, मी जपानी शिकणार." आई पोळी तव्यावर टाकते आणि विचारते, "शीक की. पण कुठं शिकणार? आणि पैसे किती पडतील?"

वाचकहो, आईच्या या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचे उत्तर दरवर्षी बदलते. पहिला मात्र बराच जुना आहे. जपानी शिकावीशी वाटणारी माणसे आपल्याकडे निरनिराळ्या काळात झाली, आणि प्रत्येकाला हाच प्रश्न पडला की गुरू कुठे आणि पुस्तक कोणते. त्यांना मिळालेली उत्तरे पाहिली म्हणजे आपल्याला काय निवडायचे आहे ते पुष्कळसे स्पष्ट होते. म्हणून आधी थोडा इतिहास पाहू.

सुरुवात थेट आठव्या शतकापासून करावी लागेल. बोधिसेन नावाचा एक भारतीय भिक्षू चीनमार्गे इ. स. ७३६ मध्ये जपानात पोहोचला. नारा येथील तोदाइजी मंदिरात बुद्धाची प्रचंड मूर्ती घडवली गेली होती, आणि तिचे डोळे उघडण्याचा विधी ७५२ साली याच बोधिसेनाच्या हस्ते झाला. बौद्ध धर्माबरोबर संस्कृत मंत्र जपानात गेले आणि ते लिहिण्यासाठी 'सिद्धम्' नावाची आपली लिपीही गेली. भिक्षू ती लिपी घोकू लागले. ती घोकताना आपली वर्णमाला त्यांच्या तोंडी बसली, आणि आपल्या भाषेतील ध्वनी त्यांनी त्याच क्रमाने मांडले. या मांडणीचे श्रेय काही लोक खुद्द बोधिसेनाला देतात, पण ते तितकेसे खरे नव्हे. असे जुने तक्ते अकराव्या शतकातले सापडतात, म्हणजे हे काम त्याच्या मागून आलेल्या, सिद्धम् जाणणाऱ्या जपानी भिक्षूंचे आहे.

आता गंमत पाहा. जपानी मूल शाळेत जो तक्ता पाठ करते त्याची पहिली ओळ आहे: अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. हे वाचून तुमच्या कानाला काही ओळखीचे वाटले की नाही? क-वर्ग, मग च-वर्गाच्या जागी स, ट-वर्ग त्यांच्याकडे नाहीच म्हणून तो गाळलेला, मग त आणि न, मग प-वर्गाच्या जागी ह आणि म, आणि शेवटी य, र, व. तुम्ही म्हणाल, च-च्या जागी स कसा आणि प-च्या जागी ह कसा? भाषाशास्त्रज्ञ सांगतात की प्राचीन जपानीत त्या 'ह'चा उच्चार 'प' असा होता, आणि 'स'चा उच्चार च-कडे झुकणारा होता. उच्चार पुढे बदलले, पण तक्त्यातली जागा बदलली नाही. हजार वर्षांपूर्वीचे जपानी लोक कसे बोलत असतील याचा एक पुरावा असा आपल्या बाराखडीत सापडतो!

ही हकीकत मी नुसत्या कौतुकासाठी सांगत नाही. जपानी शिकू पाहणाऱ्या मराठी माणसाजवळ पहिले साधन घरातच आहे, ते म्हणजे त्याची वर्णमाला. जो इंग्रजी अक्षरांतून जपानी शिकायला जातो तो हे साधन गमावून बसतो. १८६७ साली हेपबर्न नावाच्या एका अमेरिकन डॉक्टर-मिशनऱ्याने जपानी-इंग्रजी कोश काढला, आणि रोमन अक्षरांत जपानी लिहिण्याची जी रीत आज जगभर चालते ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. इंग्रजी माणसाला ती सोयीची आहे. पण आपण तिच्या वाटेला का जावे? जपानीत 'त्सु' असे एक अक्षर आहे. इंग्रज त्याच्यापाशी अडखळतो आणि हिंदी भाषकालाही ते जमवून घ्यावे लागते. मराठी माणसाने 'चूल' म्हणताना जीभ कुठे लागते ते आठवावे. चहातला च निराळा आणि चुलीतला निराळा. हा चुलीतला 'च' म्हणजेच त्यांचा 'त्सु'. 'जुना' शब्दातला 'ज'सुद्धा त्यांच्याकडे आहे. चहा तर दोन्हीकडे चीनहूनच आला. जपानी त्याला 'चा' म्हणतात आणि मानाने 'ओचा'.

जपानी अक्षरांना 'काना' म्हणतात. आपल्या काना-मात्रेशी त्याचा काही संबंध नाही, केवळ योगायोग. त्यात दोन प्रकार: हिरागाना आणि काताकाना. प्रत्येकात मूळ अक्षरे ४६. चिनी अक्षरे भराभर, वळणदार लिहिता लिहिता हिरागाना तयार झाली. हात न उचलता लिहिण्याच्या घाईत आपल्याकडे जशी मोडी वळणे घेत गेली, तसेच काहीसे. काताकाना म्हणजे भिक्षूंनी पोथीच्या ओळींशेजारी टिपणे करताना चिनी अक्षरांचे मोडून घेतलेले तुकडे. तक्त्याचा क्रम आपल्याला पाठच असल्यामुळे राहते ते नुसते वळण. रोज अर्धा तास दिला तर तीन आठवड्यांत दोन्ही होतात. त्यानंतर उरते ती चिनी अक्षरांची, म्हणजे कांजींची, मोठी चढण. जपान सरकारने नेहमीच्या वापरासाठी ठरवलेल्या यादीत २०१० पासून २१३६ अक्षरे आहेत. तिथे मात्र बाराखडी कामाची नाही. तिथे पाटी-पेन्सिलच पाहिजे.

व्याकरणाचे म्हणाल तर ते ऐकून आनंदच होईल. क्रियापद शेवटी. विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागून. 'मांजारी नि सुंदे इमासु' म्हणजे 'मांजरीत राहतो'. त्यातला 'नि' म्हणजे आपला 'त'. आणि विचारायचे असेल तर शेवटी 'का' लावायचा: 'मांजारी नि सुंदे इमासु का?' मांजरीत राहता का? हा 'का' आणि तो 'का' यांचे नाते नाही हो, पण शिकणाऱ्याला नात्याशी काय करायचे आहे! वाक्याच्या शेवटी होकार मागणारा त्यांचा 'ने' ऐकला की आपला 'ना' आठवतो. राहतो आणि राहते असा भेद मात्र नाही. लिंगाची कटकट त्यांनी ठेवलेली नाही. परक्या माणसाला काका, मावशी, आजी म्हणण्याची रीत तिथेही आहे, फक्त स्वर जपावा लागतो. 'ओबासान' म्हणजे मावशी किंवा काकू आणि 'ओबाऽसान' म्हणजे आजी. ऱ्हस्व-दीर्घाची चूक इथे शुद्धलेखनाच्या वहीत राहत नाही. ती समोरच्या बाईंच्या चेहऱ्यावर दिसते.

असो. बाराखडी जपानला गेली खरी, पण त्यानंतर शतकानुशतके आपल्याकडून जपानी शिकायला कोणी गेले नाही. जपान पुन्हा आपल्या नजरेत भरला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १८९३ साली मुंबई आणि जपान यांच्या दरम्यान जपानी कंपनीची नियमित जहाजे सुरू झाली. त्यामागे जमशेटजी टाटांचा पुढाकार होता. इकडून कापूस जाऊ लागला. पुढे १९०४-०५ च्या युद्धात जपानने रशियाला हरवले, आणि आशियातला एक देश युरोपातल्या सत्तेला भारी पडतो हे पाहून महाराष्ट्रातल्या वाचकांना स्फुरण चढले. देशी कारखानदारी शिकायला तरुण जपानकडे निघाले. तळेगाव दाभाड्याचा पैसाफंड काच कारखाना १९०८ साली उभा राहिला तो अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर मागितलेल्या एकेका पैशातून. तिथली भट्टी चालवायला आले ते ईश्वरदास वार्ष्णेय. जपानात आणि पुढे अमेरिकेत शिकून आलेले. त्या पिढीला 'जपानी कुठे शिकावी' या प्रश्नाचे एकच उत्तर होते: जपानात. इथे शाळा नव्हती. हाताशी पुस्तक लागलेच तर ते चेंबरलेन नावाच्या इंग्रजाचे, १८८८ साली निघालेले बोलभाषेचे व्याकरण. तेही इंग्रजीतून आणि इंग्रजांसाठी लिहिलेले.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांची गोष्ट या बाबतीत विशेष सांगण्यासारखी आहे. तोकियोत नारुसे जिन्झो या शिक्षणतज्ज्ञाने १९०१ साली स्त्रियांचे विद्यापीठ काढले होते. त्याची माहिती देणारी एक छोटी पुस्तिका कर्व्यांच्या हाती आली. हिंगण्याच्या माळावर विधवाश्रम चालवणाऱ्या या गृहस्थांनी ती वाचली आणि त्यांच्या मनाने घेतले की हे आपल्याकडेही व्हायला हवे. १९१५ च्या अखेरीस मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी ती कल्पना मांडली, आणि १९१६ मध्ये भारतातले पहिले महिला विद्यापीठ पुण्यात सुरू झाले. १९३० साली, वयाच्या बहात्तरीच्या उंबरठ्यावर, जगप्रवासात असताना त्यांनी ते तोकियोचे विद्यापीठ स्वतः जाऊन पाहिले. कर्व्यांना जपानी येत नव्हते. त्यांना ते येण्याची गरजही पडली नाही, कारण त्यांना हवी होती ती कल्पना, आणि ती इंग्रजीच्या पुलावरून येऊ शकत होती. मला वाटते, नवशिक्याने सर्वांत आधी हेच स्वतःला विचारावे: मला जे हवे आहे ते जपानी न शिकता मिळेल का? मिळत असेल तर दोन वर्षे वाचली. आणि नसेल मिळत, तर कशासाठी शिकतो आहोत हे त्याच उत्तरात सापडते. शाळा त्यावरून ठरते.

त्या काळात भाषा शिकवण्याचा प्रयत्न झाला तो दूर बंगालात. शांतिनिकेतनात १९०५ साली सानो जिन्नोसुके नावाचे एक जपानी शिक्षक आले. ते शिकवायला आले होते जुजुत्सु, म्हणजे कुस्तीचा एक प्रकार, पण त्याबरोबर इच्छुकांना भाषाही शिकवू लागले. पुढे त्यांनी रवींद्रनाथांच्या 'गोरा' कादंबरीचे जपानी भाषांतरही केले. शिकवणारा कुस्तीगीर आणि भाषांतर कादंबरीचे! तिथे जपानीचा रीतसर अभ्यासक्रम सुरू झाला तो बऱ्याच वर्षांनी, १९५४ मध्ये. दरम्यान महायुद्ध झाले आणि जपानी ही काही वर्षे शत्रूची भाषा होऊन बसली. युद्धानंतर आपल्या शेतकऱ्याच्या कानावर जपानचे नाव आले ते १९५३ च्या सुमारास, 'जपानी पद्धतीची भातशेती' या मोहिमेमुळे. रोपे ओळीत लावणे, खते मापून देणे हे कोकणात, मावळात लोक शिकले. भाषेशी त्याचा काही संबंध नव्हता. पु. ल. देशपांड्यांचे 'पूर्वरंग' १९६३ साली निघाले आणि घरोघरच्या वाचकाला जपान हसत-खेळत दिसला, पण तोही मराठीतूनच.

उलट दिशेने मात्र एक प्रवास चालू झाला होता, आणि तो आपल्याला फारसा ठाऊक नाही. फुकाझावा हिरोशी नावाचे जपानी इतिहासकार पेशवेकालीन महाराष्ट्राचा अभ्यास करत होते. गावगाडा, वतने, बलुतेदार, जातींच्या बाबतीत सरकारने घातलेले निर्बंध या विषयांवर त्यांनी मराठी साधनांच्या आधारे लिहिले. त्यांचे निबंध १९९१ साली इंग्रजी पुस्तकरूपाने निघाले आणि मध्ययुगीन दख्खनच्या अभ्यासकाला ते आजही टाळता येत नाहीत. त्यांच्यामागून कोतानी हिरोयुकी यांनी वतनसंस्थेवर काम केले. ज्या जुन्या मराठी कागदांपुढे आपले कितीतरी पदवीधर हात टेकतात, ते वाचण्याइतकी मराठी हे लोक शिकले! आपल्याला नेमके काय वाचायचे आहे हे त्यांना माहीत होते. समोर एक कागद होता, आणि तो वाचेपर्यंत थांबायचे नाही असा निश्चय होता.

पुण्यात जपानीचे नियमित वर्ग रुजले ते १९७० नंतरच्या दशकात. फर्ग्युसन रस्त्यावरची रानडे इन्स्टिट्यूटची जुनी इमारत, पुणे विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग जिथे आहे, ती कित्येक पुणेकरांना जर्मन-फ्रेंचमुळे ठाऊक होती. तिथे जपानीही येऊन बसली. प्रमाणपत्र, पदविका, मग उच्च पदविका अशा पायऱ्या. नोकरी सांभाळून येणारी माणसे सकाळ-संध्याकाळच्या वर्गांना बसत. टिळक महाराष्ट्र विद्यापीठात तर आज जपानीत पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणही मिळते, आणि ते गुलटेकडीला असल्यामुळे मांजरीकराला फर्ग्युसन रस्त्यापेक्षा जवळ. याशिवाय शिष्यांनी पुढे गुरू होऊन काढलेले खासगी वर्ग आहेत. काही फार चांगले, काही नावापुरते. एका शहरात भाषा रुजते ती अशी. पहिल्या मूठभर शिक्षकांनी तीस-चाळीस वर्षे न कंटाळता 'अ, इ, उ, ए, ओ' म्हणायला लावले, म्हणून आज हडपसरच्या कंपनीत जपानी पत्र वाचणारा माणूस सापडतो. सिंहगड रस्त्यावर ओकायामा शहराच्या स्नेहाची खूण म्हणून जे जपानी धर्तीचे उद्यान केले आहे, त्याला पु. लं.चे नाव दिले हेही छान झाले.

आता पुस्तकांकडे वळू. हा भाग मी जरा विस्ताराने सांगणार आहे, कारण पुस्तकालाही वंशावळ असते आणि ती न पाहता पुस्तक घेतले की फसगत होते.

१९५९ साली जपानात एक संस्था स्थापन झाली. परदेशातून येणाऱ्या कारखान्यांतल्या कामगार-तंत्रज्ञांना जपानी कारखान्यांत प्रशिक्षण द्यावे, हे तिचे काम. ही माणसे थोड्या आठवड्यांत कामापुरते बोलू लागली पाहिजेत, म्हणून तिने एक पुस्तक तयार केले: 'निहोंगो नो किसो', म्हणजे जपानीचा पाया. १९९० मध्ये त्याची नवी आवृत्ती आली. आणि त्याच कुळातून १९९८ साली 'मिन्ना नो निहोंगो' निघाले, 'सर्वांची जपानी'. आज पुण्यातल्या बहुतेक वर्गांत नवशिक्याच्या हाती हेच पुस्तक असते. पहिल्या भागात २५ धडे, दुसऱ्यात २५. त्यातले मिलरसाहेब पुण्यातल्या हजारो विद्यार्थ्यांना सख्ख्या शेजाऱ्यासारखे परिचित आहेत. पुस्तक पक्के आहे. वाक्याचा एक साचा घ्यायचा आणि शब्द बदलत तो तोंडात बसेपर्यंत घोटायचा, अशी त्याची रीत. पण लक्षात ठेवा, हे पुस्तक शिक्षक समोर उभा आहे असे गृहीत धरते. मुख्य भाग सगळा जपानीत. व्याकरणाचे विवेचन निराळ्या पुस्तकात, आणि ते वेगळे विकत घ्यावे लागते. नुसता मुख्य भाग आणून घरी एकट्याने बसलेला माणूस दुसऱ्या आठवड्यात ते कपाटावर ठेवतो. दोष पुस्तकाचा नाही आणि त्याचाही नाही.

ज्याला एकट्याने शिकायचे आहे त्याने 'गेंकी' पाहावे. १९९९ साली निघालेले हे पुस्तक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी आहे. दोन भागांत २३ धडे आणि व्याकरण त्याच पानांवर इंग्रजीत समजावलेले. अर्थात इंग्रजी बऱ्यापैकी यायला हवे. आणि ज्याला तिथे जाऊन काम करायचे आहे, घर भाड्याने घ्यायचे आहे, दवाखान्यात दुखणे सांगायचे आहे, त्याच्यासाठी जपान फाउंडेशनने २०२० मध्ये 'इरोदोरी' नावाची पुस्तके तयार केली. ती ध्वनिफितींसह इंटरनेटवरून फुकट उतरवून घेता येतात. फुकट आहे म्हणून कमी प्रतीचे असेल असे समजू नका. उलट कचरा कोणत्या दिवशी टाकायचा, कामावर उशीर होणार असेल तर कसे कळवायचे, या गोष्टी जुन्या पुस्तकांपेक्षा त्यातच नीट सापडतात. जपानच्या नभोवाणीनेही नवशिक्यांसाठी हिंदीसह अनेक भाषांतून छोटे पाठ ठेवले आहेत. नभोवाणीच्या पुस्तिकेत नभोवाणीची शिफारस केली तर वाचक हसतील, पण भाषा आधी कानाची आणि मग डोळ्यांची, हे म्हणायला मी संकोचणार नाही. कांजीची चित्रे डोळ्यांनी शिकता येतील. 'ओबासान' आणि 'ओबाऽसान' यांतला फरक कोणत्याही पुस्तकाच्या पानावर ऐकू येत नाही.

परीक्षेबद्दलही एक गैरसमज दूर केला पाहिजे. जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा १९८४ साली सुरू झाली. तेव्हा चार पातळ्या होत्या. २०१० पासून पाच झाल्या. एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत अवघड. पुण्यातही तिचे केंद्र आहे. या परीक्षेत वाचन, शब्द-व्याकरण आणि श्रवण तपासतात. बोलणे तपासत नाहीत, आणि हाताने एक अक्षरही लिहावे लागत नाही. चार पर्यायांतला एक निवडायचा. त्यामुळे असे होते की एन-३ चे प्रमाणपत्र खिशात असलेला तरुण जपानी पाहुणा समोर आला की मान खाली घालतो. दोष परीक्षेचाही नव्हे. ती जे मोजते ते चोख मोजते. पण एखादा वर्ग 'आमचे इतके विद्यार्थी उत्तीर्ण' एवढेच सांगत असेल, तर तो तुम्हाला निम्मीच गोष्ट सांगतो आहे असे धरून चाला.

आणि आता त्या आईच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, पैशाकडे, येतो. कारण या विषयात खरी जोखीम आहे ती इथे. २०१९ साली जपानने 'विशिष्ट कौशल्य कामगार' म्हणून नवा परवाना सुरू केला. तिथे माणसे म्हातारी झाली आहेत, हात कमी पडत आहेत. जानेवारी २०२१ मध्ये भारताशी त्याबाबत करार झाला. वृद्धांची शुश्रूषा, शेती, अन्नप्रक्रिया, बांधकाम अशी अनेक कामे त्यात येतात. त्यासाठी त्या कौशल्याची परीक्षा द्यावी लागते, आणि भाषेसाठी एन-४ किंवा त्याच तोडीची एक निराळी परीक्षा चालते. शुश्रूषेला तर तिच्या खास शब्दांची आणखी एक परीक्षा आहे. म्हणजे एन-४ ला आता पगाराचे मोल आले. आणि जिथे पगार आला तिथे मध्यस्थ आला.

कोणाचे नाव घेण्याचे कारण नाही. 'सहा महिन्यांत भाषा, सातव्या महिन्यात विमान' असे सांगून एकरकमी मोठी रक्कम मागणारे लोक प्रत्येक शहरात असतात. मांजरीसारख्या ठिकाणी, जिथे जमिनीचे पैसे काही घरांत नुकतेच आले आहेत आणि काही घरांतून नुकतेच संपले आहेत, तिथे ते आवर्जून येतात. शिकवणी आणि नोकरी हे दोन व्यवहार वेगळे ठेवा. शिकवणीची फी पातळीप्रमाणे द्या. एका पातळीची फी दिली, ती पुरी केली, मग पुढची. परदेशी नोकरी देतो म्हणणाऱ्याकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालील नोंदणी क्रमांक मागा. आणि तो सरकारी यादीत स्वतः पडताळून पाहा. क्रमांक विचारल्यावर जो रागावतो त्याच्या दारात दुसऱ्यांदा जाऊ नये.

वर्ग निवडताना काय पाहावे? एक दिवस मागे बसून तास ऐकू द्या म्हणावे. तासात शिक्षक किती बोलतात आणि विद्यार्थी किती बोलतात ते पाहावे. तिसऱ्या आठवड्यानंतरही फळ्यावर इंग्रजी अक्षरांत जपानी लिहिली जात असेल तर उठून यावे. शिकवणाऱ्याने स्वतः कोणती पातळी पुरी केली आहे हे विचारायला लाजू नये. चांगला शिक्षक ते आनंदाने सांगतो. जपानी माणूसच शिकवायला हवा असा हट्ट मात्र धरू नये. उच्चारासाठी तो हवाच, पण 'नि' आणि 'दे' यांतला फरक मराठी माणसाला मराठीतून जितका चटकन कळतो तितका जपानीतून सुरुवातीला कळत नाही: 'मांजरीत राहतो' यात 'नि', 'मांजरीत काम करतो' यात 'दे'. आपण दोन्हीकडे 'त'च लावतो, म्हणून ती चूक आपण कुठे करणार हे आपल्यातल्या शिक्षकाला आधीच ठाऊक असते. आणखी एक गोष्ट विचारावी. पहिल्या पातळीला किती जण होते आणि तिसरीला किती उरले? वीसचे चार झाले असतील तर कारण विचारावे. वीसचे दहा राहिले असतील तर तो वर्ग, खोली कितीही साधी असो, घ्यावा.

अंतराचाही विचार करा. मांजरीहून आठवड्यातून तीन संध्याकाळी शहरात जाऊन रात्री परतणे मुलीला आणि घरच्यांना झेपेल का? झेपणार नसेल तर शनिवार-रविवारचा वर्ग, किंवा पडद्यावरून घरबसल्या चालणारा तास आणि जोडीला महिन्यातून एखादी प्रत्यक्ष भेट असे काही जमवावे. दूरचा उत्तम वर्ग पावसाळ्यात बुडतो. जवळचा बरा वर्ग चालू राहतो. भाषेच्या बाबतीत मी दुसऱ्याच्या बाजूचा आहे, कारण या भाषेत दोन आठवड्यांची सुट्टी घेतली की शंभरातली तीस कांजी परत जातात.

परीक्षा वर्षातून दोनदा, जुलैच्या आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. जूनमध्ये वर्ग सुरू केला तर नेटाने शिकणाऱ्याला त्याच डिसेंबरात एन-५ ला बसता येते; पण अर्ज त्याच्या दोन-तीन महिने आधी भरावा लागतो. म्हणजे गणपतीच्या सुमारासच ठरवायचे असते, आणि तोवर हिरागाना-काताकाना दोन्ही पुरी झालेली हवीत.